वाचकांचे प्रश्न : प्रार्थना करूनही मन शांत का होत नाही?

या वेळी खानदेशातील ख्रिस्ती वाचकांकडून आलेल्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांत विचारलेला आढळला, म्हणून ती पत्रे एकत्र घेत आहोत. ती संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मे महिन्याच्या अखेरीस आलेल्या वादळात माझी कापणीला आलेली केळीची बाग आडवी झाली. सोसायटीचे कर्ज आहे, खताच्या दुकानाची उधारी आहे. घरी रोज कुटुंबप्रार्थना होते आणि रविवारची उपासना मी सहसा चुकवत नाही. तरी रात्री दोन वाजता जाग येते आणि पुन्हा झोप लागत नाही. आमच्या मंडळीतील एका वडीलधाऱ्या बंधूंनी मला सांगितले की, खऱ्या विश्वासणाऱ्याला चिंता शिवतच नाही. मग माझा विश्वास खोटा आहे काय?
(एक शेतकरी वाचक, रावेर तालुका)

उत्तर : प्रिय बंधू, तुमचा विश्वास खोटा नाही. हे आधी ऐकून घ्या, बाकीचे नंतर वाचले तरी चालेल. वर्षभर पाणी, खत आणि मजुरी घालून वाढवलेली बाग घड उतरवण्याच्या वेळी एका संध्याकाळच्या वाऱ्याने झोपावी, आणि त्या रात्री शेतकऱ्याला सुखाची झोप लागावी, अशी अपेक्षा देवाने कोणाकडून केल्याचे पवित्र शास्त्रात मला कोठे दिसत नाही.

त्या वडील बंधूंच्या मनात बहुधा फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातील चौथ्या अध्यायाचे वचन असावे : "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका, तर सर्व गोष्टींविषयी प्रार्थना व विनंती करून आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा." आपल्याकडे या वचनाचे पहिले चार शब्द तेवढे पाठ केले जातात आणि संकटात सापडलेल्या माणसाला ते ऐकवले जातात. हे वचन ज्याने लिहिले तो प्रेषित पौल तेव्हा बंदिवासात होता, हे आपल्याला ठाऊक असते. परंतु त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात त्याने काय कबूल केले आहे, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. त्याचा सहकारी एपफ्रदीत आजारी पडून मरणाच्या दारी पोहोचला होता. देवाने त्याला वाचवले, नाही तर मला दुःखावर दुःख झाले असते, असे पौल लिहितो आणि त्याला तुमच्याकडे परत पाठवल्याने माझी चिंता कमी होईल, असेही सांगतो. म्हणजे "चिंताक्रांत होऊ नका" असे लिहिणाऱ्या प्रेषिताच्या मनात, ते लिहीत असताना, चिंता होती आणि ती त्याने मंडळीपासून लपवून ठेवली नाही. करिंथकरांना तर त्याने सर्व मंडळ्यांविषयीच्या चिंतेचा भार आपल्यावर रोज असतो, असे स्पष्टच लिहिले आहे.

म्हणून चिंता मनात येणे हे पाप नाही. तिचे पुढे काय करायचे, हे त्या वचनात सांगितले आहे : मागणी देवाला कळवा. ही मागणी मोघम असण्याची गरज नाही. "प्रभो, आम्हांला आशीर्वाद दे" एवढे म्हणून उठलेला माणूस रात्री दोनला पुन्हा जागा झाला तर त्यात नवल नाही, कारण ज्या गोष्टीने त्याची झोप उडवली ती त्याने देवापुढे ठेवलेलीच नसते. हबक्कूक संदेष्ट्याची प्रार्थना काढून वाचा. अंजीर फुलले नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचे पीक बुडाले, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरे उरली नाहीत, गोठ्यात गुरे नाहीत, असे एकेक नुकसान त्याने नाव घेऊन सांगितले आहे आणि त्यानंतरच देवाच्या ठायी आनंद करण्याची गोष्ट काढली आहे. तुम्हीही तसेच करावे. किती खोडे पडली, सोसायटीचे किती देणे आहे, दुकानदाराला कोणत्या तारखेचा शब्द दिला आहे, मुलीच्या फीचे काय होणार, हे सगळे देवाला सांगावे. सांगताना रडू आले तर येऊ द्यावे. तेराव्या स्तोत्रात दावीद देवाला "कोठवर?" असे पुन्हा पुन्हा विचारतो आणि गेथशेमाने बागेत स्वतः प्रभू येशूने अतिशय व्याकूळ होऊन एकच प्रार्थना तीन वेळा केली. ज्याने तसे केले तो तुमच्या जागरणाला नावे ठेवील असे मला वाटत नाही.

आता दिवसाच्या कामाविषयी. रात्री दोन वाजता कर्जाचा आकडा नेहमीच मोठा दिसतो. दिवसा पत्नीला शेजारी बसवून एका वहीत सगळे देणे लिहून काढा. तिला काळजी नको म्हणून तिच्यापासून काही लपवू नका. तिला आधीच सगळे कळलेले असते, फक्त ते बोलायला जागा नसते. तलाठी आणि कृषी सहायक यांच्याकडून पंचनामा झाला आहे की नाही याची खात्री करा, फळपीक विमा काढला असेल तर त्याचे कागद शोधा, सोसायटीच्या गटसचिवांना भेटून पीक कर्जाच्या पुनर्गठनाबद्दल विचारा. दुकानदार दारात येण्याची वाट न पाहता आपण होऊन त्याच्याकडे जाऊन खरी परिस्थिती सांगा. घाईत सावकाराचा कागद करू नका. ही कामे प्रार्थनेहून हलकी आहेत किंवा अविश्वासाची आहेत, असे समजू नका. "उद्याची चिंता उद्याला. ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे," असे प्रभूने म्हटले, त्यात आजच्या दिवसाचे दुःख आजच हाताळावे हेही आलेच.

तुमच्या मंडळीलाही मला काही सांगायचे आहे. घडाच्या भाराने झुकलेल्या केळीला तुम्ही बांबूचा टेकू देता. ती सरळ का उभी राहत नाही, असे तिला विचारत नाही. ज्या बंधूंनी तुमच्या विश्वासाची परीक्षा घेतली, त्यांनी त्याच संध्याकाळी तुमच्यासोबत बँकेत येण्याची तयारी दाखवली असती, तर पौलाच्या वचनाचे ते अधिक खरे विवरण झाले असते. पौल बंदिवासात असताना फिलिप्पैच्या मंडळीने त्याला मदत पाठवली होती आणि शांतीचे ते वचन ज्या पत्रात आहे ते काही अंशी त्या मदतीची पोच देण्यासाठीच लिहिलेले आहे. आणखी एक गोष्ट : रात्रीच्या त्या विचारांत जीव नकोसा झाल्याची भावना येत असेल, तर ती आजच घरात सांगा. शेवटच्या उत्तरात एक दूरध्वनी क्रमांक दिला आहे, तो तुमच्यासाठीही आहे.

प्रश्न : मी शाळेत शिक्षिका आहे. घरी सासू-सासरे, यजमान आणि दोन मुले आहेत. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो. ते येईल तेव्हा भरावे लागते. पहाटेपासून डबे, भाकरी, नंतर शाळा, संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक. महिला मंडळात सांगितले जाते की, रोज पहाटे एक तास देवासोबत एकांतात घालवल्याशिवाय अंतःकरणाची शांती मिळत नाही. मला पंधरा मिनिटेही मिळत नाहीत आणि त्याची खंत दिवसभर मनाला लागून राहते.
(एक वाचक भगिनी, धुळे)

उत्तर : प्रिय भगिनी, ज्या उपदेशाने देवाजवळ जाण्याऐवजी दिवसभर अपराधी वाटत राहते, तो उपदेश कितीही चांगल्या हेतूने केलेला असला तरी अपुरा आहे. पहाटेचा एकांत ही मोठी देणगी आहे. मार्कच्या शुभवर्तमानात प्रभू मोठ्या पहाटे उठून रानात प्रार्थनेला गेल्याचे लिहिले आहे आणि ज्यांना ते शक्य आहे त्यांनी अवश्य तसे करावे. परंतु शांती ही एका तासाची मजुरी नाही. सहा माणसांच्या घरात, एका स्वयंपाकघरात, नोकरी सांभाळून जगणाऱ्या बाईला देव त्याच स्वयंपाकघरात भेटत नसेल, तर मग तो आपल्यापैकी फारच थोड्यांचा देव ठरेल.

मार्था आणि मरीया या बहिणींची गोष्ट तुम्हांला नक्कीच ऐकवली गेली असेल : प्रभू घरी आला तेव्हा मरीया त्याच्या पायांशी बसून ऐकत राहिली आणि मार्था पाहुणचाराच्या कामात गढून गेली. माझ्या मते तिचा उपयोग आपल्या मंडळ्यांतून स्त्रियांना बोल लावण्यासाठी फार केला गेला आहे. प्रभूचे शब्द नीट वाचा : "मार्थे, मार्थे, तू पुष्कळ गोष्टींविषयी काळजी व दगदग करतेस." तिने स्वयंपाक का केला, असे त्याने विचारले नाही, घरी आलेल्या पाहुण्याला जेवू घालणे हे काम तो तुच्छ मानत नव्हता. मन शंभर ठिकाणी ओढले जात होते, त्याबद्दल तो मायेने बोलला. त्याने तिचे नाव दोनदा घेतले, हेही विसरू नये. योहानाच्या शुभवर्तमानात लाजराच्या मृत्यूनंतर प्रभूला सामोरी जाऊन, तूच ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस, अशी कबुली देणारी स्त्री हीच मार्था आहे. कामात गढलेल्या बाईचा विश्वास उथळ असतो, या समजुतीला तेथे उत्तर मिळते.

17व्या शतकात पॅरिसमधील एका मठात लॉरेन्स नावाचे एक ब्रदर होते. तरुणपणी ते सैनिक होते आणि एका पायाने अधू झाले होते. मठात त्यांना स्वयंपाकघराचे काम मिळाले, आणि ते काम त्यांना मुळीच आवडत नव्हते. पुढे अनेक वर्षे ते करत असताना त्यांनी एक सवय लावून घेतली : हातातले काम देवासाठी करायचे, मधूनमधून त्याच्याशी दोन शब्द बोलायचे आणि मन भरकटले की रागावून न घेता पुन्हा त्याच्याकडे वळायचे. कामाची वेळ आणि प्रार्थनेची वेळ यांत आपल्याला फरक वाटत नाही, असे ते सांगत. 1691 मध्ये त्यांचे निधन झाले, तरी आजही जगभर लोक त्यांच्यापासून प्रार्थना शिकतात. त्यांच्याकडे घेण्यासारखे मुख्य हे की, मन भरकटणे त्यांनी गृहीत धरले होते.

तुम्ही काय करू शकाल याचा एक नमुना देते. त्यात आपल्या घराप्रमाणे बदल करावा. तेविसाव्या स्तोत्रात सहाच वचने आहेत. सोमवारी पहिले घ्या, शनिवारपर्यंत सहावे येईल. पीठ मळताना ते एक वचन मनात म्हणा आणि दिवसभर तेवढेच सोबत ठेवा. हंडे भरताना ज्या माणसाची आठवण येईल त्याचे नाव देवाजवळ घ्या. रात्री अंथरुणावर पडल्यावर, झोप लागण्यापूर्वी, आज कोठे देवाने हात दिला आणि कोठे आपला तोल गेला, एवढे दोन प्रश्न मनाला विचारा. त्याला पाच मिनिटे लागतात. आणि प्रार्थना व्यासपीठावरच्या मराठीतच झाली पाहिजे असे नाही. घरात अहिराणी बोलत असाल तर अहिराणीत करा. आईजवळ जे ज्या बोलीत बोललो ते देवाजवळ बोलताना भाषा बदलावी लागली, तर निम्मे मन भाषेतच अडकून राहते.

परंतु एवढ्यावर थांबलो तर तुमच्यावर अन्याय होईल. पत्रात पाणी भरणारी, डबे करणारी आणि सगळे आवरणारी एकच व्यक्ती दिसते. घर ख्रिस्ती असेल तर तेथील दगदग वाटून घेणे हा उपासनेचाच भाग आहे. ज्या रात्री प्रभुभोजनाची स्थापना झाली त्या रात्री प्रभूने कंबरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, म्हणजे घरातील सर्वांत हलके मानले जाणारे काम त्याने स्वतः केले. आठवड्यातून दोन दिवस पाणी भरण्याचे आणि मुलांचे आवरण्याचे काम यजमानांनी घ्यावे, असे त्यांना शांतपणे आणि स्पष्ट शब्दांत सांगा. हे उत्तर त्यांना वाचायला दिले तरी हरकत नाही.

प्रश्न : मी मोटारसायकलवरून औषधविक्रीसाठी गावोगाव फिरतो. कानात दिवसभर ख्रिस्ती भक्तिगीते चालू असतात. तेवढा वेळ बरे वाटते. बंद केली की अस्वस्थता पुन्हा सुरू होते. असे का होते?
(एक वाचक, अमळनेर)

उत्तर : प्रिय बंधू, गीतांत काही चूक नाही. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत आणि भजनांत आणली तेव्हापासून मराठी ख्रिस्ती माणसाचा विश्वास गाण्यांवरही पोसला गेला आहे. परंतु तुम्ही जे वर्णन केले आहे त्यावरून गीते अस्वस्थतेवर पांघरूण घालत आहेत, तिच्याकडे पाहू देत नाहीत. दोन गावांच्या मधली वाट रोज काहीही न ऐकता पार करा आणि जे वर येईल ते देवाला सांगा. पहिले काही दिवस ते जड जाईल. गीते जरूर ऐका, मात्र रस्त्यावर वाहन चालवताना कानात काही घालू नका, घरी ऐका.

प्रश्न : वडील गेल्यावर आम्हां दोघा भावांत शेताच्या बांधावरून वाद झाला. मोठ्या भावाने बांध सरकवला असे माझे म्हणणे आहे. दोघेही एकाच मंडळीत आहोत, पण बोलणे बंद आहे. तो पुढच्या बाकावर बसला तर मी मागच्या बाकावर बसतो. प्रभुभोजन घेताना हात थरथरतो. मी कामासाठी सुरतेला जातो तेव्हा तेथेही हेच डोक्यात असते. पाळकसाहेब क्षमा करा म्हणतात. क्षमा केली तर जमीन सोडून द्यावी लागेल काय? आणि क्षमा न करता मनाला शांती मिळू शकते काय?
(एक तरुण वाचक, नवापूर तालुका)

उत्तर : प्रिय बंधू, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते छोटे आहे : नाही, मिळू शकत नाही. काही काळ विसर पडेल. पण ज्याच्यासोबत एका ताटात जेवलो त्याच्याविषयी मनात वैर ठेवून देवाची शांती मागणे म्हणजे एका हाताने दार उघडून दुसऱ्या हाताने ते लावून घेणे झाले. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने याविषयी फार कठीण आज्ञा दिली आहे. वेदीपाशी अर्पण आणले असता भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवावे, आधी जाऊन समेट करावा आणि मग येऊन ते वाहावे. लक्ष द्या : येथे दोष कोणाचा आहे हे ठरवलेले नाही. ज्याला आठवले त्याने निघायचे आहे. तुमचा हात थरथरतो, हे वाईट लक्षण आहे असे मी म्हणणार नाही. ज्याचा हात थरथरत नाही त्याच्याविषयी मला अधिक काळजी वाटते.

वर एका शेतकरी बंधूंच्या प्रश्नात फिलिप्पैकरांस पत्राचा उल्लेख आला आहे. सर्व बुद्धिसामर्थ्याच्या पलीकडे असलेल्या देवाच्या शांतीचे वचन त्यात ज्या ठिकाणी येते, त्याच्या काही ओळी आधी पौल युवदीया आणि सुंतुखे या दोन स्त्रियांची नावे घेऊन त्यांना एकचित्त होण्याची विनंती करतो. दोघींनी सुवार्तेच्या कामात त्याच्यासोबत श्रम केले होते आणि दोघींमध्ये काहीतरी बिनसले होते. एवढेच नव्हे, मंडळीतील आणखी एका सोबत्याला तो त्यांना साहाय्य करण्यास सांगतो. म्हणजे भांडण मिटवणे, त्यासाठी मध्यस्थ मिळणे आणि अंतःकरणाची शांती हे सगळे पौलाच्या लेखी एकाच ओघातले आहे. आपण ते वचन सुंदर अक्षरांत लिहून भिंतीवर लावतो, आणि त्या दोघी मात्र भिंतीवर येत नाहीत.

आता जमिनीविषयी. क्षमा म्हणजे हक्क सोडणे नव्हे. क्षमा करताना आपण सूड, टोमणे, लोकांत भावाची बदनामी आणि त्याचे वाईट व्हावे ही इच्छा सोडतो. बांध कोठे आहे हा प्रश्न त्यानंतरही खऱ्या उत्तराची वाट पाहत असतो. त्याचे उत्तर रागाने मिळत नाही, मोजणीने मिळते. सातबारा उतारा घेऊन भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, आणि तो करण्यापूर्वी भावाला स्वतः जाऊन सांगा की, मी तुमच्याविरुद्ध नव्हे, आपल्या दोघांच्या मुलांत हा वाद राहू नये म्हणून अर्ज करत आहे, आणि मोजणीत जे निघेल ते मी मान्य करीन. हे शेवटचे वाक्य उच्चारण्यापूर्वी ते आपल्याला खरोखर मान्य आहे का, याचा शोध घ्या. बांध सरकला नव्हता असे निघाले तर?

लूकच्या शुभवर्तमानात एक माणूस प्रभूकडे अगदी तुमच्यासारखीच तक्रार घेऊन येतो : माझ्या भावाला वारसा विभागून द्यायला सांगा. प्रभू त्या वाटणीचा न्यायाधीश होण्यास नकार देतो आणि लोभापासून सावध राहण्यास सांगतो. हा इशारा दोघा भावांना आहे, ज्याने घेतले त्याला आणि ज्याचे गेले त्यालाही. कारण हातभर बांधासाठी दहा वर्षे भावाला गमावणे हाही लोभाचाच एक हिशेब आहे. उत्पत्तीच्या तेराव्या अध्यायात अब्राहाम आणि लोट यांच्या गुराख्यांत कुरणांवरून भांडण होते, तेव्हा वयाने आणि मानाने मोठा असलेला अब्राहाम पुतण्याला म्हणतो की, तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन. हा अध्याय तुमच्या थोरल्या भावानेही वाचावा असे मला वाटते, मात्र तो तुम्ही त्यांना ऐकवू नका.

तुम्ही गेलात आणि त्यांनी दार लावून घेतले तर काय, असे तुम्ही विचाराल. रोमकरांस पत्रातील एक वचन अशा वेळी मोठा दिलासा देते : "शक्य तर सर्व माणसांबरोबर तुमच्याकडून होईल तितके शांतीने राहा." तुमच्याकडून होईल तितके. त्यांच्या अंतःकरणाचा जाब तुमच्याकडे मागितला जाणार नाही. पाळकसाहेबांनाही विनंती आहे की, केवळ क्षमा करा असे न सांगता त्यांनी दोघा भावांना एकत्र बसवावे, सोबत दोघांनाही मान्य असलेले गावातले एक जुने जाणते माणूस घ्यावे आणि बैठक चर्चमध्ये न घेता बांधावरच घ्यावी.

प्रश्न : माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता. गेले तीन महिने तो खोलीतून बाहेर पडत नाही, जेवत नाही, रात्रभर जागतो, कशातच मन नाही म्हणतो. त्याचे वडील रेल्वेत आहेत, पाळीच्या कामामुळे घरी कमी असतात. काही जणांनी उपवास-प्रार्थना सांगितली, काहींनी त्याच्यातून आत्मा काढावा लागेल असे सांगितले. डॉक्टरांकडे नेले तर आपण देवावर विश्वास ठेवला नाही असे होईल काय?
(एक आई, भुसावळ)

उत्तर : प्रिय भगिनी, डॉक्टरांकडे न्या, आणि याच आठवड्यात न्या. तुम्ही लिहिलेली लक्षणे इतके दिवस टिकलेली असतील तर तो उदासीनतेचा आजार (डिप्रेशन) असू शकतो. त्याचे निदान मानसोपचारतज्ज्ञच करू शकतील आणि त्यावर उपचार आहेत. हा आजार म्हणजे आळस नव्हे, परीक्षेची भीती एवढेच नव्हे आणि विश्वासाची कमतरता तर मुळीच नव्हे. पौल आपल्या सोबत्याचा उल्लेख "प्रिय वैद्य लूक" असा करतो. वैद्याला सोबत घेऊन फिरणाऱ्या प्रेषिताला वैद्यकाची अडचण वाटत नव्हती. ज्या मिशनऱ्यांनी आपल्या खानदेशात सुवार्ता आणली त्यांच्या कार्यातून दवाखानेही उभे राहिले. नवापूर तालुक्यातील चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय सर्वांना परिचित आहे. प्रार्थना आणि औषध यांची फारकत त्या लोकांनी केली नव्हती.

पवित्र शास्त्रातील पहिले राजे या पुस्तकाच्या 19व्या अध्यायातील एलीया संदेष्टा तुमच्या मुलासारखाच आहे. कर्मेल डोंगरावरच्या मोठ्या विजयानंतर तो रानात एका झुडपाखाली बसतो, आता पुरे, माझा प्राण घे, असे देवाला म्हणतो आणि झोपी जातो. देवाचा दूत येऊन त्याला दटावत नाही, तुझा विश्वास कोठे गेला असे विचारत नाही. तो त्याला स्पर्श करतो आणि निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याची सुरई दाखवून म्हणतो, ऊठ, खा. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. दूत पुन्हा येतो, पुन्हा खायला देतो. होरेबाच्या डोंगरावर देव त्याच्याशी बोलतो ते त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, आणि तेव्हाही देव त्याला एकटा ठेवत नाही, अलीशा हा सोबती देतो. अन्न, झोप, स्पर्श, सोबत आणि त्यानंतर बोलणे, हा क्रम देवाने स्वतः पाळला आहे. तुम्ही तो पाळावा.

म्हणून जो मुलगा आधीच जेवत नाही त्याला उपवास करायला लावू नका. घरातील इतरांनी उपवास-प्रार्थना करावी, मंडळीच्या वडिलांना बोलावून याकोबाच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे प्रार्थना करून घ्यावी; मात्र ती हळुवार आणि थोडक्यात असावी आणि मुलाची संमती घेऊनच असावी. आत्मा काढण्याच्या नावाखाली त्याला धरणे, ओरडणे, मारणे किंवा लोकांपुढे उभे करणे याला घरात अजिबात थारा देऊ नका. असे करणाऱ्यांमुळे आजारी माणसाच्या मनात देवाविषयीच भय बसते.

एक गोष्ट विचारायला आईला फार जड जाते, तरी ती विचारावीच लागेल. जीव द्यावासा वाटतो का, असे त्याला सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तसा विचार मनात येतो, ही समजूत चुकीची आहे. उलट मनात असलेले बोलायला वाट मिळते. तो होय म्हणाला तर त्याला एकटे सोडू नका, घरातील किंवा शेतावरून आणलेली कीटकनाशके आणि जास्तीची औषधे त्याच्या हाती लागणार नाहीत अशी व्यवस्था करा आणि थेट रुग्णालयात जा. शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा दूरध्वनी क्रमांक 14416 आहे. तो 2022 पासून सुरू आहे, दिवसरात्र चालतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. मुलगा बोलणार नसेल तर तुम्ही स्वतः लावून काय करावे ते विचारा. जळगावच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तेथेही जाता येईल.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. दोन-चार दिवसांत फरक नाही म्हणून त्या बंद करू नका, आणि बरे वाटू लागले म्हणून, किंवा कोणी प्रार्थनेत तो बरा झाल्याचे जाहीर केले म्हणूनही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. पहिल्या भेटीला जाताना त्याची झोप, जेवण आणि बोलणे कधीपासून बदलले हे कागदावर लिहून न्या, आणि यजमानांनी त्या दिवसाची सुटी घ्यावी. महिला मंडळातील दोन विश्वासू भगिनींना एवढेच सांगा की, घरात आजारपण आहे, आठवड्यातून दोन वेळा डबा लागेल आणि मी डॉक्टरांकडे किंवा बाजारात जाईन तेव्हा घरी कोणीतरी बसायला लागेल. कारण विचारले तर सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही.